दाखला नसला तरी शाळेत नाव घालता येतं: बाहेरगावाहून आलेल्या कुटुंबांसाठी माहिती

दिवाळीच्या सुमारास उसाच्या फडाजवळ कोप्या पडतात. वीटभट्टीवर नवीन जोड्या येतात. कुणाच्या वस्तीवर दुसऱ्या जिल्ह्यातलं, तर कुणाकडे मध्य प्रदेशातलं कुटुंब सालानं राहायला येतं. मोठी माणसं दुसऱ्या दिवशी कामाला लागतात आणि पोरं कोपीवर धाकट्याला सांभाळत बसतात. दाखला जवळ नाही, मग शाळेत घेणार नाहीत, असं आई-वडील धरून चालतात आणि शाळेकडे फिरकतच नाहीत. हंगामाचे पाच-सहा महिने असे गेले की पोरगं मागं पडतं, आणि मागं पडलेलं पोरगं पुढं शाळाच सोडतं.

खरं तर आधी प्रवेश आणि नंतर कागद, असा नियम आहे.

कायदा काय सांगतो?

मुलांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा आहे. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला आठवीपर्यंत मोफत शिकण्याचा हक्क आहे. मूल दुसऱ्या जिल्ह्यातून किंवा दुसऱ्या राज्यातून आलं तरी सरकारी व अनुदानित शाळेत त्याला प्रवेश मागता येतो. स्थलांतरित कुटुंबातल्या मुलांचा प्रवेश करून घेणं ही स्थानिक प्रशासनाची जबाबदारी आहे, असं कायद्यात वेगळं लिहिलेलं आहे. वर्षाच्या मध्येच आला म्हणून परत पाठवता येत नाही.

कोणत्या शाळेत जायचं?

- अंगणवाडी: ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी.
- जिल्हा परिषद शाळा: फी नाही. कुठं चौथीपर्यंत, कुठं सातवी-आठवीपर्यंत वर्ग असतात. नियमानं पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असायला हवी.
- अनुदानित शाळा: शाळा संस्थेची, शिक्षकांचा पगार शासनाचा. गावातलं हायस्कूल बहुतेक वेळा असंच असतं.
- स्वयंअर्थसहाय्यित शाळा: इथं फी भरावी लागते. मध्येच बदली करून प्रवेश मागण्याचा हक्क या शाळांना लागू नाही.

कोणते कागद लागतात?

असतील तर जन्माचा दाखला, आधीच्या शाळेचा दाखला आणि आधार कार्ड न्यावं. नसतील तर असं करावं:

- जन्माचा दाखला नाही: दवाखान्यातली किंवा नर्सताईंच्या रजिस्टरमधली नोंद चालते, अंगणवाडीची नोंद चालते. तेही नसेल तर आई-वडिलांनी वय लेखी द्यावं. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.
- शाळेचा दाखला नाही: मुलाला वर्गात बसवावं, दाखला मागून येतो. जुन्या शाळेनं तो ताबडतोब द्यायचा असतो. उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर कारवाई होऊ शकते.
- आधार नाही: शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

जुन्या शाळेचं नाव, गाव, तालुका आणि गुरुजींचा फोन नंबर एवढं सांगितलं तरी नव्या शाळेचं काम सोपं होतं. मुलाची नोंद ऑनलाइन असते.

कोणत्या वर्गात बसवतात?

पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण व्हायला हवीत. मोठ्या मुलाला वयाप्रमाणं वर्ग मिळतो. नऊ वर्षांच्या मुलानं शाळा पाहिलीच नसली तरी त्याला पहिलीत बसवायचं नाही. वयाच्या वर्गात घेऊन मागचं भरून काढण्यासाठी त्याला वेगळं शिकवायचं असतं.

पाचवी आणि आठवीच्या मुलांनी जास्त जपावं. या दोन वर्गांना आता वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर फेरपरीक्षा होते, तीही गेली तर मूल त्याच वर्गात राहतं. परीक्षेच्या दिवसांत मूल कोणत्या गावात असेल, हे गुरुजींना आधीच सांगून ठेवावं.

शाळेत काय मिळतं?

पुस्तकं, गणवेश आणि दुपारचं शिजवलेलं जेवण. जेवणासाठी पाचवीपर्यंत रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य धरलेलं असतं. ज्याची कोपीवर सकाळीच चूल विझते, त्या पोरासाठी हे जेवण मोठं आहे.

घरून निघताना आणि परत जाताना

गाव सोडण्याआधी गुरुजींना सांगावं आणि शिक्षण हमी कार्ड मागावं. मूल कोणत्या वर्गात आहे हे त्यावर असतं, ते दाखवलं की नव्या शाळेत वेळ जात नाही. परत निघतानाही इथल्या शाळेला सांगून कागद घ्यावा. न सांगता निघून गेलं की मूल गैरहजर दिसतं आणि पुढं हजेरीचा घोळ होतो.

आजी-आजोबा गावाकडं असतील तर मुलाला तिथंच ठेवता येतं. ऊसतोड मजुरांच्या जिल्ह्यांत काही गावांत अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृह मंजूर होतं. गावाला ते आहे का, हे निघण्याआधी विचारावं.

अडवलं तर कुणाकडं जायचं?

आधी मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख. तिथं काम झालं नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, त्यांच्यावर जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (प्राथमिक). तोंडी सांगण्यापेक्षा साध्या कागदावर अर्ज लिहावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालकच असतात, त्यांनाही भेटावं.

गावकऱ्यांनी काय करावं?

नव्या माणसाला गावात कुणी ओळखीचं नसतं. शाळा कुठं आहे, हेही त्याला माहीत नसतं. ज्याच्या रानात कोप्या पडल्या त्या शेतकऱ्यानं, मुकादमानं किंवा भट्टीमालकानं पहिल्याच आठवड्यात किती पोरं आली ते मुख्याध्यापकांना कळवावं. एका फोनचं काम आहे. त्यापुढं शिक्षकांनी कोपीवर जाऊन नोंद करायची आणि आई-वडिलांनी पोराला सकाळी शाळेच्या वाटेला लावायचं.