वरच्या मुलांची उजळणी व दप्तरांतील आंकडे

१. जुन्या घराण्यांकडून आलेला दप्तराचा रुमाल सोडला म्हणजे सनदा, महजर, वतनपत्रें व ताळेबंद ह्यांच्या जोडीला कांहीं चिटोरीं हटकून निघतात. कोणा मुलानें गिरविलेली मोडी बाराखडी, एकच मायना पांच-सात वेळां उतरलेला, पावकी-दिडकीचें अर्धवट कोष्टक, असा मजकूर त्यांवर असतो. त्यांत ना शक ना शिक्का. म्हणून संग्राहक ते ‘पोरांचे खरडे’ समजून वेगळे काढतात आणि पुष्कळदां ते रद्दींतहि जातात. वरच्या मुलांच्या अभ्यासाचे हे कागद हिशेबी दप्तर वाचण्याचें एक साधन आहेत, एवढेंच प्रस्तुत टिपणांत दाखवावयाचें आहे.

२. पंतोजींच्या शाळेंत आजच्यासारख्या इयत्ता नव्हत्या व सत्रेंहि नव्हतीं. मूल शुभ दिवस पाहून शाळेंत बसे आणि आपल्या बेतानें पुढें सरके. आरंभ धुळपाटीवर होई. फळीवर धूळ किंवा विटेची पूड पसरून तींत काडीनें अक्षरें व आंकडे काढावयाचे, आणि हात बसला कीं पाटी हालवून पुन्हां कोरी करावयाची. खालचा अभ्यास संपवून वर आलेला मुलगा कागद, बोरू व शाई घेई. मोडी कित्ता वळविणें, जुनीं पत्रें वाचणें, थोरास, बरोबरीच्यास व धाकट्यास कोणता मायना लिहावा हें शिकणें, आणि अपूर्णांकांचे पाढे पाठ करणें, हा त्याचा मुख्य अभ्यास. सायंकाळीं परवचा होई. त्यांत पाढ्यांबरोबर तिथि, वार, महिने व नक्षत्रें म्हणत. पुढें कोणा कारकुनाच्या हाताखालीं उमेदवारी करावयाची झाली तर लागणारी सामुग्री एवढ्यांत तयार होई. एल्फिन्स्टनच्या अमदानींत इंग्रजी अंमलदारांनीं गांवोगांवच्या शाळांची जी माहिती मागविली, ती श्री. परुळेकर ह्यांनीं संकलित केली आहे; हा क्रम अभ्यासणारानें ती अवश्य पाहावी.

३. ह्या पाढ्यांविषयीं एक गैरसमज रूढ आहे. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हें सर्व निव्वळ घोकंपट्टीचें ओझें होतें, असें नव्या शिक्षणाचे पुरस्कर्ते म्हणत आले. घोकंपट्टी होती हें खरें, आणि तिच्या पाठीशीं छडीहि होती. परंतु पाढे निवडण्यांत मर्म होतें. सामान्यतः रुपयाचे आणे १६, मणाचे शेर ४० व खंडीचे मण २०. चाळीस आणे म्हणजे अडीच रुपये. म्हणून शेरास जितके आणे, त्यांची अडीचकी केली कीं मणाचे रुपये आले. शेरास ३ आणे तर मणास साडेसात रुपये. वीस आणे म्हणजे सव्वा रुपया. म्हणून मणास जितके आणे, त्यांची सवायकी म्हणजे खंडीचे रुपये. मणास १२ आणे तर खंडीस १५ रुपये. व्याज दरमहा दरशेकडा दीड रुपया असेल तर सातशें रुपयांचें महिन्याचें व्याज दिडकी सांगते : साडेदहा. पावशेरांचे शेर करण्यास पावकी. ह्याप्रमाणें हे पाढे वजनांच्या व नाण्यांच्या प्रमाणांशीं जुळलेले होते. ज्या हिशेबास आज आपण कागद-पेन्सिल घेतों, तो त्या वेळचा बारा वर्षांचा मुलगा तोंडीं सांगे.

४. आतां दप्तराकडे वळूं. मोडी लिहिणारा आधीं आडवी रेघ ओढून तिला अक्षरें जोडीत जातो. शब्द तोडीत नाहीं व विरामचिन्हें घालीत नाहीं. म्हणून रकमेच्या मागोमाग उभा दंड दिसला तर तो विराम नव्हे. एक दंड पाव, दोन दंड अर्धा, तीन दंड पाऊण. आणि त्यापुढील लहान आडवी वा तिरकी रेघ म्हणजे एक आणा. १२॥ असें लिहून पुढें दोन रेघा असतील तर ती रक्कम बारा रुपये दहा आणे. पोथ्यांच्या वाचनावरून मोडीकडे आलेला वाचक दंडास वाक्याचा शेवट मानतो व साडेबारांचे बारा करतो. मुलांच्या खरड्यांत हींच चिन्हें पाढ्यांच्या ओळींत क्रमानें मांडलेलीं असतात. तेव्हां त्या मुलुखांतील व त्या काळचें वळण निश्चित करण्यास त्यांहून चांगला पुरावा नाहीं.

दुसरा उपयोग ताळ्याचा. अशी एक ओळ कल्पावी : जोंधळा खंडी ४, दर मणास इतके आणे, एकूण रुपये ७०, आणि दराचा आंकडा कसरीनें खाल्लेला. सत्तरांची चौथाई साडेसतरा. सवायकींत साडेसतरा चवदाचे येतात. म्हणून दर १४ आणे. गेलेला आंकडा असा परत मिळतो. एकाच यादींतील एखादी ओळ ह्या रीतीनें जुळली नाहीं तर आपलें वाचन चुकलें, अथवा मूळ कारकून चुकला, असें समजावें. परंतु सर्वच ओळी एकाच प्रमाणांत चुकत असतील, तर तेथील खंडी वा मण निराळा होता असें अनुमान करण्यास जागा आहे. मापें प्रांतोप्रांतीं भिन्न होतीं. त्यांच्या भेदासाठीं मोल्स्वर्थचा कोश (आवृत्ति १८३१ व १८५७) जवळ असावा.

५. इंग्रजी अंमलांत शाळांचें रूप पालटलें. १८२२ पासून मुंबईच्या मंडळीनें शालोपयोगी ग्रंथ छापण्याचें काम चालविलें, व कॅप्टन जॉर्ज जर्व्हिसनें गणिताचीं पुस्तकें मराठींत आणलीं. १८३६ सालीं दादोबा पांडुरंगांचें व्याकरण निघालें. १८५५ सालीं स्वतंत्र विद्याखातें झालें. वरच्या इयत्तांत व्याकरण, भूगोल व इतिहास आले आणि छापील बाळबोधीचें राज्य झालें. ज्ञानाची कक्षा पुष्कळ वाढली, हें निःसंशय. तरी पाढे राहिले आणि मोडीहि एका कोपऱ्यांत टिकून होती. १९५० च्या सुमारास मोडी शाळेंतून गेली. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणें सुरू झालें. पुढें वजनेंहि दशमान झालीं. चाळीस शेर व सोळा आणे गेल्यावर अडीचकी-सवायकीला कामच उरलें नाहीं. हे पाढे शाळेंत तोंडपाठ केलेले लोक आतां थोडेच उरले आहेत.

६. ह्याचा परिणाम संशोधनावर झाल्यावांचून राहिला नाहीं. सरदेसायांनीं पेशवे दप्तरांतून निवडलेले पंचेचाळीस भाग १९३० ते १९३४ ह्या अवधींत प्रसिद्ध झाले, त्यांत भर मुख्यत्वें पत्रव्यवहारावर आहे. हिशेबी कागदांचा सांठा त्या मानानें फार मोठा. पत्र वाचणारे तयार होतात; जमाखर्च वाचणारे क्वचित्. परंतु धारण काय होती, मजुरी किती पडे, दुष्काळांत दर कोठवर चढले, कर्जाचें व्याज कोणास किती बसे, ह्या प्रश्नांचीं उत्तरें जमाखर्चांतच आहेत. एक दंड चुकला तरी धारण चुकते, आणि चुकलेल्या धारणेवर उभारलेलें अनुमानहि व्यर्थ जातें.

७. म्हणून संग्राहकांस तीन गोष्टींची विनंति आहे. मुलांचे कित्ते, उजळण्या व मायन्यांचे खरडे टाकूं नयेत. ते ज्या रुमालांत सांपडले त्यांतच ठेवावे, म्हणजे शेजारच्या कागदांवरून त्यांचा काळ ठरवितां येईल. यादी करतांना ‘किरकोळ’ ह्या सदरांत न ढकलतां ‘शालेय कागद’ असें वेगळें सदर करावें व त्यांत आलेल्या कोष्टकांचीं नांवें नोंदवावीं. आणि ज्यांच्या घरीं परवचा म्हणणारें एखादें वडील माणूस अजून असेल, त्यांनीं त्याच्या तोंडचे पाढे व स्थानिक मापें लिहून घ्यावीं. सनद नष्ट झाली तर तिची नक्कल दुसऱ्या दप्तरांत मिळण्याचा संभव असतो. मुलाच्या खरड्याची नक्कल कोणी केलेली नसते.