अंदमानाच्या आधीचं सिंगापूर

सिंगापूरला जाणाऱ्या मराठी सहलींचा क्रम बहुधा ठरलेला असतो. मर्लायनपाशी फोटो, सेंटोसात एक दिवस आणि परतीच्या आदल्या रात्री सेरंगून रोडलगत मुस्तफामध्ये खरेदी. सिटी हॉल स्टेशनाशेजारच्या हिरवळीवर सेंट अँड्र्यूज कॅथीड्रलचा पांढराशुभ्र मनोरा दिसतो आणि बस पुढे निघते. ते चर्च, तो सेरंगून रोड आणि जुन्या शहरातलं इतर बरंच काही हिंदुस्थानातून जन्मठेपेवर पाठवलेल्या कैद्यांनी उभं केलं, हे त्या घाईत राहून जातं.

काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं. पण अंदमानची कैदी वसाहत सुरू झाली १८५८ मध्ये. त्याआधी कित्येक वर्षं कंपनी सरकार आपले कैदी मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे पाठवत होतं. १८२४ च्या करारानं सुमात्रावरचं बेंकुलेन डचांकडे गेलं, तेव्हा तिथले हिंदुस्थानी कैदी हलवणं भाग पडलं. त्यांची पहिली तुकडी एप्रिल १८२५ मध्ये सिंगापुरात उतरली. पुढे बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतून माणसं येत राहिली. बंगाल आणि मद्रासकडच्या जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदलेला असे. १८४९ मध्ये ही प्रथा बंद झाली. मुंबई इलाख्यात ती नव्हती.

नव्या बंदराला मजूर हवे होते आणि कैदी फुकटात मिळत होते. दलदली बुजवणं, रस्ते आखणं, जंगल तोडणं ही कामं त्यांच्याच माथी आली. १८३३ पासून त्यांच्यावर देखरेख होती जॉर्ज कोलमन या आयरिश वास्तुरचनाकाराची. शहराचा पहिला आराखडा प्रत्यक्षात आणणारा म्हणून त्याचं नाव आजही एका रस्त्याला आणि पुलाला आहे. माती वाहणाऱ्यांची नावं अर्थातच कुठल्या पाटीवर नाहीत.

पुढे फावड्याच्या कामापुरतं हे राहिलं नाही. तुरुंगातच गवंडी, सुतार, लोहार, पाथरवट तयार होऊ लागले. सेरंगून रोडच्या बाजूला त्यांच्या विटांच्या भट्ट्या होत्या आणि १८६७ च्या आग्रा प्रदर्शनात त्या विटांना पदकही मिळालं. कोलमननं बांधलेल्या जुन्या सेंट अँड्र्यूज चर्चवर दोनदा वीज पडल्यावर त्याच जागी नवं बांधायचं ठरलं. १८५६ मध्ये त्याची पायाभरणी झाली. भिंतींना गिलावा दिला तो मद्रासच्या चुन्याचा. शिंपल्यांचा चुना, अंड्याचा पांढरा बलक आणि जाडी साखर एकत्र घोटायची, त्यात नारळाची सोडणं भिजवलेलं पाणी मिसळायचं आणि गिलावा वाळला की स्फटिकाच्या गोट्यानं तो चकाकेपर्यंत घासायचा. वाड्याच्या चुन्यात गूळ घालणाऱ्या आपल्याकडच्या जुन्या गवंड्यांना यात नवल वाटलं नसतं. १८६७ ते १८६९ या काळात गव्हर्नरचा वाडाही याच हातांनी बांधला. आज तो राष्ट्राध्यक्षांचा इस्ताना आहे आणि दिवाळीसह मोजक्या सणांना लोकांसाठी खुला होतो.

पहाऱ्याची व्यवस्था याहून अचंब्याची. कैद्यांचे सहा वर्ग होते. नवा आलेला बेड्यांत रस्त्यावर राबे. वर्तन चांगलं राहिलं की काही वर्षांनी बेड्या निघत, मग इतर कैद्यांवर नजर ठेवण्याचं काम मिळे आणि शेवटी तुरुंगाबाहेर राहून स्वतः कमावण्याचा परवाना. कैद्यांवर कैदीच मुकादम! तुरुंगाचा अधीक्षक मेजर मॅकनेअर यानं १८९९ मध्ये या पद्धतीवर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'प्रिझनर्स देअर ओन वॉर्डर्स'. त्याच्या लिखाणात अभिमान ओसंडतो. पण पगारी पहारेकरी वाचले, हे या उदारपणामागचं साधं गणित होतं. गॅम्बियर या वनस्पतीच्या मळ्यांत वाघ माजले, तेव्हा त्यांना मारायला बंदुका देऊन कैद्यांच्याच तुकड्या पाठवल्या गेल्या, यावरून विश्वास किती होता ते दिसतं.

गोऱ्या व्यापाऱ्यांना मात्र तो विश्वास नव्हता. १८५७ च्या उठावाच्या बातम्या पोचल्या तशी त्यांची झोप उडाली आणि कैदी पाठवणं थांबवा अशी मागणी जोरात सुरू झाली. १८६७ मध्ये सिंगापूर थेट लंडनच्या वसाहत खात्याकडे गेलं आणि १८७३ मध्ये हा तुरुंग बंद झाला. उरलेल्यांपैकी काहींना अंदमानात हलवलं. सुटलेल्यांतले अनेक मात्र तिथेच राहिले, कामधंद्याला लागले, स्थानिक बायकांशी संसार करून शहरात मिसळून गेले.

ही ने-आण एकाच दिशेची नव्हती. १८३४ मध्ये महाबळेश्वरला एक तुरुंग उभा राहिला, तो चिनी आणि मलाय कैद्यांसाठी. त्यांनी घाटमाथ्यावर रस्ते केले, टोपल्या विणल्या, साहेबांसाठी विलायती भाज्या पिकवल्या. १८६४ मध्ये तो बंद झाला. ज्या धबधब्याजवळ त्यांचे भाजीचे मळे होते, त्याला पर्यटक आजही 'चायनामन्स फॉल' म्हणतात.