बोर्ड रंगवणार का?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त घरचंच आहे.

गेल्या रविवारी धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, हिला जरा समजाव रे." पाठोपाठ भाचीचा आवाज, "मामा, मला गेम डिझाइन करायचंय. तू बोल ना आईशी!" भाची यंदा बारावीला आहे. मी "बघू" म्हणून फोन ठेवला. ठेवल्यावर लक्षात आलं की हे "बघू" माझं नाहीच. ते बाबांचं आहे.

१९८६ साली मीही बारावीला होतो. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही झालेल्या, आणि डोक्यात एकच, जे.जे.ला कमर्शियल आर्टला जायचं. बाबांनी चष्मा काढून शांतपणे विचारलं, "म्हणजे दुकानांचे बोर्ड रंगवणार का?" झालं, विषय संपला. मी बी.कॉम. केलं, बँकेत लागलो. तक्रार नाही, घर नीट चाललं. पण त्या प्रश्नाला तेव्हा उत्तर देता आलं नाही ही रुखरुख राहिली. म्हणून हा आठवडा जुनं वाचण्यात घालवला. त्यातलं थोडं इथे मांडतो.

सर जे.जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं, जमशेटजी जीजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून. आपल्याला वाटतं कलाशाळा म्हणजे निव्वळ चित्रं. पण तिथे पोटापाण्याचं काम पहिल्यापासून होतं. १८६५ मध्ये तिथे शिकवायला आलेल्या लॉकवुड किपलिंगची शिल्पं हाकेच्या अंतरावरच्या क्रॉफर्ड मार्केटच्या भिंतीवर आहेत. म्हणजे चक्क भाजीबाजारावर!

कमर्शियल आर्टचा विभाग आला १९३५ साली. मुंबईत तोवर छापखाने, गिरण्या, सिनेमा आणि जाहिरात कंपन्या उभ्या राहिल्या होत्या. साबणाच्या वेष्टनापासून सिनेमाच्या पोस्टरपर्यंत सगळ्याला अक्षर काढणारा, मांडणी करणारा माणूस हवा होता. धंदा आधी आला, अभ्यासक्रम मागून. पुढे या विभागाची स्वतंत्र संस्था झाली, नावही 'अप्लाइड आर्ट' असं जरा भारदस्त झालं.

१९५८ मध्ये चार्ल्स आणि रे इम्स या अमेरिकन जोडप्याने भारत सरकारला एक अहवाल दिला. चांगल्या डिझाइनचं उदाहरण म्हणून त्यांनी काय घेतलं असेल? आपला तांब्या! त्या अहवालातून १९६१ मध्ये अहमदाबादला एन.आय.डी. उभी राहिली. १९६९ मध्ये पवईच्या आय.आय.टी.त आय.डी.सी. आली. इंजिनियरांच्या आवारात डिझाइनला जागा मिळाली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

आता 'बोर्ड रंगवण्या'कडे येतो. र. कृ. जोशी जे.जे.चे विद्यार्थी. जाहिरातीत काम केलं, मग आय.डी.सी.त शिकवलं. विंडोज २००० मध्ये देवनागरीसाठी जो 'मंगल' फाँट आला तो त्यांनी केलेला. मंडळी, आपल्यापैकी कितीतरी जणांनी संगणकावरचं पहिलं मराठी वाक्य त्याच अक्षरांत वाचलं असेल. बाबांनीसुद्धा! अमेरिकेतल्या नातवाची मराठी ईमेल ते मान पुढे काढून वाचत, ती अक्षरं कमर्शियल आर्ट शिकलेल्या माणसाची होती. हे मला तेव्हा माहीत असतं तर त्यांना सांगितलं असतं. असो.

गेम्सची गोष्टही तशीच निघाली. १९६२ मध्ये एम.आय.टी.त 'स्पेसवॉर' हा खेळ झाला, पण कुठल्या तासाला नाही. खोलीभर पसरणाऱ्या संगणकांच्या त्या काळात हौशी पोरांनी आपल्या वेळात केलेला तो उद्योग. पुढे बरीच वर्षं एखादा माणूस एकटाच चित्रं, आवाज आणि प्रोग्राम करून गेम पुरा करू शकत असे. नव्वदीत थ्रीडी आलं, मोठे चमू लागले, तशी शिकलेल्या माणसांची गरज पडली. कॅनडातल्या व्हँकुव्हरला १९८८ मध्ये निघालेल्या डिजिपेन संस्थेने १९९४ मध्ये निन्टेन्डोच्या मदतीने गेम प्रोग्रामिंगचा अभ्यासक्रम सुरू केला. तिथे मुलांना गणित आणि भौतिकशास्त्र कसून करावं लागतं. पडद्यावरचा चेंडू खरा वाटायचा तर तो कसा पडतो हे आधी कळायला नको का? डिजिपेन पुढे अमेरिकेत गेली. तिथल्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये एक प्रोजेक्ट केला. व्हॉल्व्ह कंपनीने त्या पोरांनाच नोकरीवर घेतलं आणि त्यातून २००७ मध्ये 'पोर्टल' हा गाजलेला गेम आला.

आपल्याकडेही आता दारं उघडली आहेत. आय.डी.सी.त २०१५ पासून बारावीनंतर डिझाइनची पदवी घेता येते. एन.आय.डी.च्या बंगळूर केंद्रात डिजिटल गेम डिझाइन शिकवतात. २०२५ मध्ये मुंबईत अॅनिमेशन आणि गेमिंगसाठी सरकारची नवी संस्था सुरू झाली.

म्हणजे सगळं छान आहे का? नाही. ओळखीतल्या एका मुलाने 'नोकरी नक्की' या जाहिरातीवर भुलून एका खासगी क्लासमध्ये दोन वर्षं आणि वडिलांचे बरेच पैसे घातले. शिकवलं काय, तर फ्लॅशमध्ये कुठलं बटण दाबायचं. २०२० च्या अखेरीस फ्लॅशच बंद झालं. जोशींनी कागदावर अक्षर घोटलं होतं, ते संगणकातही कामाला आलं. जुन्या कमर्शियल आर्टच्या मास्तरांनी हात आणि नजर तयार केली. या क्लासने फक्त बटणं दिली. कोर्स चांगला की वाईट हे ओळखायला मला तरी हीच खूण सापडली.

तेव्हा बाबांचा प्रश्न चुकीचा नव्हता. हे शिकून पोट भरणार कसं, हे आईबापांनी विचारायलाच हवं. फक्त विचारल्यावर उत्तर येईपर्यंत थांबायला हवं. बाबा थांबले नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही उत्तर शोधायला गेलो नाही.

काल भाचीला फोन करून म्हटलं, "तू काय केलंयस ते दाखव." तिने वहीच्या पानांवर काढलेल्या एका खेळाचे फोटो पाठवले. सोंगट्या, फासा आणि चाळीच्या जिन्यावरून गच्चीत पोचायचं. नियम तीनदा खोडून पुन्हा लिहिलेले. का खोडले विचारलं तर म्हणाली, "पहिला खेळणारा नेहमी जिंकत होता, मामा. मग दुसऱ्याला मजा काय?"

छोटे, हे तू वाचणार हे मला ठाऊक आहे. या रविवारी येतोय. फीचा हिशेब आपण दोघं बसून करू, मी बँकेतला माणूस आहे. तोवर तिला "नाही" म्हणू नकोस. आणि तो खेळ टेबलावर मांडून ठेव.