पाण्याचा भांग

‘पाणलोट क्षेत्र’ हे शब्द सरकारी फलकांवर इतके रुळले आहेत की त्यांचे कूळ विचारावे असे कुणाला वाटत नाही. पाणी आणि लोट, ही फोड सोपी आहे. धुळीचे लोट, धुराचे लोट, तसा पाण्याचा लोट. आपला शब्द उतारावरून धावत सुटलेले पाणी पाहतो. ज्या ‘वॉटरशेड’साठी आपण तो योजला, तो शब्द मात्र जन्मला तेव्हा डोंगरमाथ्यावर उभा होता. पूर, धूप आणि गाळ यांच्या बंदोबस्तात माथा इतकी वर्षे मागे का पडला, याचा एक धागा या दोन शब्दांतल्या अंतरात सापडतो, असे माझे मत आहे.

‘शेड’ म्हणजे ढाळणे, छपरावरून पाणी निथळते तसे, ही उपपत्ती पुष्कळांना पटते. अमेरिकेत ‘वॉटरशेड’ म्हणजे अख्खे खोरे हा अर्थ रूढ झाला, त्याच्याशीही ती जुळते. तरी मला ती मागाहून चिकटलेली वाटते. हा शब्द इंग्रजीत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला तो जर्मन ‘वासरशायडं’च्या वळणावर, आणि ‘शायडन’ म्हणजे वेगळे करणे. जुन्या इंग्रजीतही ‘शेड’ला विभागणे हा अर्थ होता. स्कॉटलंडच्या बोलीत तर केसांतल्या भांगालाच ‘शेड’ म्हणत. याहून नेमके चित्र कुठले हवे? फणीच्या टोकाने रेघ ओढावी आणि केस दोन्हीकडे पडावेत, तसे महाबळेश्वरच्या माथ्यावर पाणी पडते. एका अंगाची सर कृष्णेतून बंगालच्या उपसागराची वाट धरते, दुसऱ्या अंगाची सावित्रीतून बाणकोटच्या खाडीला जाते. इंग्रज शास्त्रज्ञ हक्सली यांनी १८७७च्या ‘फिजिऑग्राफी’त या रेषेसाठी ‘वॉटर-पार्टिंग’ असा सरळ शब्द वापरला. मराठीत त्यासाठी ‘जलविभाजक’ आहे, पण तो भूगोलाच्या पुस्तकात राहिला. शिवारात आला तो पाणलोट.

शब्दामुळे कुठे पूर येतो का, असा आक्षेप कुणीही घेईल. पूर पावसाने येतो आणि गाळ उघड्या डोंगरामुळे, हे खरेच. पण माणूस आधी कुठे पाहतो आणि पैसा आधी कुठे खर्चतो, हे त्याच्या मनातले चित्र ठरवते. १९१३ साली अमेरिकेतले डेटन शहर बुडाले. तिथे पूरनियंत्रणाची योजना उभी करणारे आर्थर मॉर्गन पुढे १९३३मध्ये टेनेसी खोरे प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष झाले. १९४३च्या दामोदरच्या पुरानंतर त्याच प्राधिकरणातले अभियंते वूरडुइन बंगालला आले आणि १९४८मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. नाव खोऱ्याचे, पण देशाची नजर तिलैया, कोनार, मैथन, पंचेत या भिंतींवर खिळली. महामंडळाने हजारीबागकडे मृदसंधारणही हाती घेतले होते, हे नाकारता येत नाही. तरीही धरणांच्या वरच्या अंगाची माती धरण्यासाठी केंद्राची वेगळी योजना तिसऱ्या पंचवार्षिक योजनेत आली. तोवर मैथन आणि पंचेत पाणी अडवू लागले होते, आणि त्या पाण्याबरोबर छोटा नागपूरच्या टेकड्यांची मातीही तळाशी बसू लागली होती.

आपल्याकडे १९४२च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने बांधबंदिस्तीला बळ मिळाले. बांध मात्र शेतापुरता असतो. वरच्या गायरानातून फुटलेली ओघळ पहिल्या वर्षी टाचेएवढी असते. चार पावसाळ्यांत तीत बैल उतरेल इतकी ती खोल होते आणि खालचा बांध फोडून जाते. १९८३च्या सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रमाने खोरे हे एकक धरले. तरी ‘माथा ते पायथा’ हे वेगळे घोकावे लागलेच. माझा कयास असा की ‘पाणलोट’ या शब्दातून गळालेला माथा या तीन शब्दांनी परत आणला. ही घोषणा निव्वळ तंत्रातून आली, असे कुणी म्हणेल. तंत्र पाण्यानेच शिकवले, हे मान्य. पण शब्दातच माथा असता, तर तो पुन्हा पुन्हा बजावावा लागला नसता.

आणि ज्या दुव्यापाशी मी थबकलो तो इथेच आहे. १९९०च्या दशकात नाबार्डमार्फत महाराष्ट्रात राबवलेला मोठा पाणलोट कार्यक्रम जर्मन मदतीने उभा राहिला. त्यामागे स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट फादर हर्मन बाखर होते, आणि ‘वासरशायडं’ त्यांच्या मायबोलीतला शब्द. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांत कामाचा क्रम ठरला तो वरून खाली: आधी माथ्याच्या पडीक जमिनीवर सलग समतल चर, मग ओघळींत दगडी बांध, मग शेतांचे बांध, आणि सगळ्यात शेवटी नाल्यावरचा बंधारा. पहिली कुदळ पडली ती भांगाच्या रेषेला लागून.