'सरल' ते 'सहज': टॅक्सचा फॉर्म निवडायचं काम आपल्याकडे कसं आलं?

जुलै आला की मला ठरलेला मेसेज येतो: "पगार आहे, थोडे शेअर्स आहेत, कुठला आयटीआर भरू?" उत्तर देतो, पण आधी थोडं मागे जाऊ. कारण आपल्या आईवडिलांना हा प्रश्न फारसा पडलाच नव्हता.

साल 1998. अर्थमंत्री यशवंत सिन्हा. त्या काळी ठरावीक शहरांमध्ये एक गमतीशीर नियम होता. गाडी, घर, परदेशवारी, टेलिफोन, क्रेडिट कार्ड, क्लबची मेंबरशिप, यातलं काहीही एक असेल तर विवरणपत्र भरायचं. हो, घरात फोन आहे म्हणून रिटर्न! आज तर तुम्ही हे ऐकताय तेसुद्धा फोनवरच. एवढी नवी माणसं आत ओढायची तर कागद सोपा हवा, म्हणून त्याच बजेटमध्ये एका पानाचा 'सरल' फॉर्म आला. नोकरदार असो की दुकानदार, बहुतेकांना तोच. निवडायचं काही नाहीच.

2007 मध्ये चित्र पालटलं. आयटीआर-1 ते आयटीआर-8 अशी मालिका आली आणि सोबत कागद जोडणं बंद झालं. कॉम्प्युटरला प्रत्येक प्रकारच्या उत्पन्नाची माहिती ठरलेल्या रकान्यात हवी होती. सोय झाली, नाही कशाला म्हणू? पण 'मी कुठल्या खान्यात बसतो' हे ओळखायचं काम मात्र आपल्या गळ्यात पडलं. 2011 ला 'सहज' आणि 'सुगम' अशी नावं आली. नावं गोड ठेवण्यात सरकारचा हात कोणी धरणार नाही!

आणि मग एप्रिल 2015. नव्या फॉर्मची पानं 14. परदेशात किती वेळा गेलात, खर्च किती झाला, बँकेत खाती किती, शिल्लक किती, सगळं लिहा. इतका आरडाओरडा झाला की काही दिवसांतच अर्थमंत्री अरुण जेटलींच्या खात्याने तो फॉर्म थांबवला. मे अखेरीस सुधारित फॉर्म जाहीर झाले, मुख्य भाग तीन पानांत. परदेशवारीचा तपशील गेला, फक्त पासपोर्ट नंबर उरला. मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. फॉर्ममधला प्रत्येक रकाना म्हणजे सरकारने तुम्हाला विचारलेला प्रश्न असतो, आणि लोक बोलले तर तो प्रश्न मागेही घेतला जातो.

आता मेसेजचं उत्तर. फॉर्म फक्त कमाईच्या आकड्यावर ठरत नाही, पैसा आला कुठून यावर ठरतो. 'सहज' म्हणजे आयटीआर-1 हा 50 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या निवासी व्यक्तीसाठी: पगार, घरभाडं, व्याज वगैरे. निर्धारण वर्ष 2025-26 पासून लिस्टेड शेअर्स आणि इक्विटी म्युच्युअल फंडांवरचा सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफाही त्यात चालतो. पण वर्षाच्या आत विकून नफा झाला असेल तर आयटीआर-2. आणि ॲपवर एफ अँड ओ खेळत असाल, तर कायद्याच्या नजरेत तो तुमचा धंदा आहे, अगदी तोटा झाला तरी. तिथे सहसा आयटीआर-3 लागतो. बावीस वर्षांच्या पोराला ऑफिसचा पगार आणि दोन हजारांचा ऑप्शन्स तोटा, एवढ्यावर 'सहज' हातातून जातो!

चुकीचा फॉर्म गेला तर 'सदोष विवरणपत्र' म्हणून नोटीस येऊ शकते आणि दुरुस्तीला साधारण 15 दिवस मिळतात. ती ईमेलवर येते, तेव्हा पोर्टलवरचा तुमचा ईमेल आयडी कॉलेजच्या वेळचा तर नाही ना, ते आजच बघून ठेवा.