संकेतस्थळासाठी छायाचित्र-दालन निवडताना

गृहनिर्माण संस्था, शाळा, नाट्यमंडळ, लघुउद्योजक अथवा हौशी छायाचित्रकार, संकेतस्थळ कोणाचेही असो, त्यावर छायाचित्रांचे एखादे दालन हवेच असते. वर्डप्रेससारख्या प्रणालीत ही सोय पुरविणाऱ्या पूरक आज्ञावलीस ‘प्लगइन’ म्हणतात. वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारात ‘गॅलरी’ हा शब्द टाकून शोध घेतल्यास असे पर्याय पानोपानी समोर येतात आणि बहुतेक जण त्यांतील दिसायला सर्वांत देखणा पर्याय उचलतात. वास्तविक दालन दिसते कसे, हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावयाचा. पहिला प्रश्न असा, की हे प्लगइन उद्या काढून टाकावे लागले तर छायाचित्रांचे काय होईल?

या प्रश्नाचे उत्तर छायाचित्रे कोठे साठविली जातात यावर अवलंबून असते. ‘फूगॅलरी’सारखी प्लगइन वर्डप्रेसच्या मीडिया लायब्ररीत आधीच असलेली छायाचित्रे वापरतात. ‘नेक्स्टजेन गॅलरी’ या जुन्या व लोकप्रिय प्लगइनची पद्धत वेगळी आहे. ते छायाचित्रांसाठी स्वतंत्र फोल्डर आणि त्यांच्या नोंदींसाठी डेटाबेसमध्ये स्वतःचे तक्ते तयार करते. हजारो छायाचित्रे हाताळणाऱ्या व्यावसायिकाला ही व्यवस्था सोयीची वाटेल. परंतु दहा वर्षांच्या गणेशोत्सवाची छायाचित्रे ओळींसह लावून ठेवणाऱ्या मंडळाने ते प्लगइन बंद केले, तर फोल्डरमध्ये फाईली राहतील, पण कोणते छायाचित्र कोणत्या वर्षाचे आणि त्यात कोण उभे आहे ही माहिती परत मिळविण्यासाठी जाणकाराला बोलवावे लागेल. छायाचित्रातील माणसे ओळखणारे जुने कार्यकर्ते तोवर हयात असतीलच असे नाही.

पहिल्या पद्धतीतही थोडी झीज सोसावी लागतेच. पुष्कळ प्लगइन पानावर ‘शॉर्टकोड’ नावाची चौकटी कंसातील खूण ठेवतात आणि प्लगइन बंद होताच दालनाच्या जागी ती खूणच वाचकाला दिसू लागते. मात्र छायाचित्रे मीडिया लायब्ररीत सुखरूप असतात आणि त्यांची ओळ वर्डप्रेसच्या स्वतःच्या रकान्यात लिहिलेली असल्यास तीही टिकते. म्हणून कोणतेही प्लगइन पक्के करण्यापूर्वी एका रिकाम्या पानावर दहा छायाचित्रे लावावीत, मग प्लगइन निष्क्रिय करून ते पान पुन्हा उघडावे. या परीक्षेला दहा मिनिटे पुरतात.

मुळात प्लगइनची गरज आहे का, हेही तपासावे. वर्डप्रेसमध्ये साध्या दालनाची सोय २००८ च्या २.५ या आवृत्तीपासून आहे. डिसेंबर २०१८ च्या ५.० आवृत्तीत ब्लॉक संपादक आला आणि त्यातील गॅलरी ब्लॉकमुळे छायाचित्रे रांगेत मांडणे सोपे झाले. ऑगस्ट २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून वाचक खाली सरकेल तसतशी छायाचित्रे उतरविण्याची व्यवस्था आपोआप होते, तर नोव्हेंबर २०२३ च्या ६.४ आवृत्तीपासून छायाचित्रावर टिचकी मारताच ते मोठे करून दाखविण्याचा पर्यायही आला. तीस-चाळीस छायाचित्रांच्या दालनाला एवढे पुरते. बाणावर टिचकी मारून पुढचे-मागचे छायाचित्र पाहणे, विषयवार गाळणी अथवा अल्बममध्ये अल्बम हवे असतील आणि आपल्या आवृत्तीत ती सोय नसेल, तरच बाहेर शोध घ्यावा.

टिचकीसरशी पान अंधारून छायाचित्र मध्यभागी उजळण्याची ही शैली लोकेश धाकर यांच्या ‘लाइटबॉक्स’ या आज्ञावलीने २००५ च्या अखेरीपासून रूढ केली. तत्पूर्वी छायाचित्रासाठी नवी खिडकी उघडत असे. त्याच काळात फ्लॅशमध्ये बनविलेली, पाने उलटणारी आणि संगीत वाजविणारी दालनेही फार मिरवली. अॅडोबने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेयरमध्ये हा मजकूर चालणे बंद झाले. साध्या एचटीएमएल पानावर लावलेली त्या वेळची छायाचित्रे मात्र आजही दिसतात.

सुरक्षिततेचा मुद्दा याहून गंभीर आहे. ऑगस्ट २०११ मध्ये ‘टिमथंब’ या लघुचित्रे तयार करणाऱ्या छोट्या आज्ञावलीत अशी त्रुटी आढळली, की परक्या व्यक्तीला सर्व्हरवर आपली आज्ञावली चढविता येत असे. अनेक थीममध्ये टिमथंब अंतर्भूत असल्याने आपल्या संकेतस्थळावर ते आहे हेच कित्येक मालकांना ठाऊक नव्हते. फेब्रुवारी २०१७ मध्ये नेक्स्टजेनमध्येही डेटाबेसमधील माहिती बाहेर काढता येईल अशी त्रुटी उघड झाली. त्या वेळी ते दहा लाखांहून अधिक ठिकाणी वापरात होते. दुरुस्त आवृत्ती आली, पण तिचा लाभ अद्ययावत करणाऱ्यांनाच झाला. तेव्हा भांडारातील पानावर प्लगइन शेवटचे केव्हा अद्ययावत झाले आणि वर्डप्रेसच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत तपासले गेले, या दोन नोंदी आधी वाचाव्यात. तारकांची संख्या नंतर पाहिली तरी चालेल.

वेगाचे गणित सोपे आहे. मोबाइलवरील १२ मेगापिक्सेलचे छायाचित्र साधारण ३ ते ५ एमबीचे असते. अशी पन्नास मूळ छायाचित्रे एका पानावर टाकली तर वाचकाला दोनशे एमबीच्या आसपास भार उतरवावा लागेल. म्हणून दालनात लघुचित्रे दिसावीत आणि टिचकीनंतरच मोठे छायाचित्र यावे. प्लगइन खरोखर असे करते का, हे कार्यालयातील जलद जोडणीवर कळत नाही. ते मोबाइलवर, शक्यतो लोकलच्या प्रवासात पाहावे. बोटाने सरकविल्यास पुढचे छायाचित्र येते का आणि कळफलकावरील एस्केप दाबताच चित्र मिटते का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. अंध वाचकांसाठी लिहावयाचे पर्यायी वर्णन मराठीत भरता येते का, याची चौकशी तर फारच थोडे जण करतात.

विनामूल्य आवृत्ती घेताना कोणत्या सोयी सशुल्क आहेत आणि वर्गणी संपल्यावर दालन चालू राहते का, हे विचारून घ्यावे.

मोबाइलने काढलेल्या मूळ फाईलमध्ये छायाचित्र कोठे काढले त्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. घरगुती अथवा शाळकरी मुलांची छायाचित्रे चढविण्यापूर्वी ती माहिती काढून टाकावी. मूळ छायाचित्रांची एक प्रत संकेतस्थळाबाहेर हार्ड डिस्कवर ठेवावी आणि त्यासोबत फाईलचे नाव, वर्ष व व्यक्तींची नावे लिहिलेला एक साधा तक्ता असावा. दालन कोणतेही निवडले, तरी हे काम प्लगइन बसविण्याच्या आधी उरकावे.