ऊर्जा, शक्ती आणि ताप : नागपूरच्या परिभाषेतिहासातील एक प्रकरण

शास्त्रीय परिभाषेचा इतिहास आपल्याकडे बहुधा कोशकारांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणता शब्द कोणी घडविला व तो कोणत्या धातूपासून साधला, एवढे सांगितले की विषय संपला असे मानण्यात येते. परंतु घडविलेल्या शब्दांपैकी काही रूढ होतात आणि काही कोशातच राहतात. याचे कारण शोधणे हेही भाषेच्या इतिहासकाराचे काम होय. शालेय पदार्थविज्ञानातील ऊर्जा, शक्ती आणि उष्णता यांसंबंधीची पदे या दृष्टीने तपासण्यासारखी आहेत. आणि त्यांच्या इतिहासाचा एक भाग नागपुरात घडलेला आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, या संकल्पनांतील भेद युरोपातही फार जुना नाही. टॉमस यंग याने 1807 साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत ‘एनर्जी’ हा शब्द गतिमान पदार्थाच्या संदर्भात योजला. कोरिऑलिस याने 1829 मध्ये ‘कार्य’ या संज्ञेस निश्चित अर्थ दिला. तरीही हेल्महोल्ट्झ याने 1847 मध्ये अक्षय्यतेचा सिद्धान्त मांडताना ‘क्राफ्ट’ हा जुना जर्मन शब्दच वापरला. बल आणि ऊर्जा हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दाकडे होते. पुढे रँकिन व विल्यम टॉमसन यांच्या लेखनातून ‘एनर्जी’ हे पद स्थिरावले. मग बल निराळे, ऊर्जा निराळी आणि कार्य होण्याचा वेग, म्हणजे शक्ती, निराळी अशी व्यवस्था लागली.

मराठीत ‘शक्ती’ या शब्दाची स्थिती ‘क्राफ्ट’सारखीच होती. देहाचे सामर्थ्य, देवीचे रूप, शब्दाची अर्थबोधक वृत्ती आणि यंत्राचा जोर हे सारे अर्थ तो वाहत होता. त्या व्यापक अर्थाचा अवशेष आजही दिसतो : मुंबईतील वसाहतीचे नाव ‘अणुशक्तीनगर’ आहे, पण शासकीय विभाग ‘अणुऊर्जा विभाग’ म्हणून ओळखला जातो. ‘अश्वशक्ती’ या सामासिक शब्दात मात्र तो काटेकोर अर्थाने आला आहे. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे 746 वॅट, अर्थात दर सेकंदास 746 जूल. ‘ऊर्जा’ या शब्दावर असा पूर्वार्थांचा भार नव्हता. वैदिक ‘ऊर्ज्’ म्हणजे बल, पोषक रस. कार्तिक मासासही ‘ऊर्ज’ हे प्राचीन नाव आहे. ‘ऊर्जितावस्था’ हा शब्द मराठी वाचकांच्या परिचयाचा असल्यामुळे ‘ऊर्जा’ कानास परकी वाटली नाही. आणि नित्याच्या बोलण्यात तिला दुसरे काम नसल्यामुळे शास्त्राने दिलेला अर्थ तिने निर्वेध धारण केला.

आता नागपूरकडे वळू. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या या राजधानीत हिंदी व मराठी या दोन्ही भाषा शासनात आणि शिक्षणात नांदत होत्या. 1923 साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाने स्वातंत्र्याच्या सुमारास या दोन्ही भाषांना शिक्षणमाध्यम म्हणून स्वीकारण्याचे धोरण आखले. त्याच काळात डॉ. रघुवीर यांनी लाहोरची आपली ‘सरस्वती विहार’ ही संस्था नागपुरास आणली. त्यांचा बृहत् इंग्रजी-हिंदी कोश 1955 मध्ये येथूनच प्रकाशित झाला. संस्कृत धातू, उपसर्ग व प्रत्यय यांच्या आधारे सर्व भारतीय भाषांना एकच परिभाषा देता येईल, ही त्यांची भूमिका होती. तिच्यामागील व्युत्पत्तीचे बळ नाकारता येत नाही. तथापि ऑक्सिजनसाठी ‘जारक’ व नायट्रोजनसाठी ‘भूयाति’ हे त्यांचे शब्द मराठीत रुजले नाहीत. ‘प्राणवायू’ने ती जागा आधीच घेतली होती.

उष्णतेच्या प्रकरणात हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. हिंदी पदार्थविज्ञानात तापमानास ‘ताप’ असेही म्हणतात. मराठीत ‘ताप’ म्हणजे ज्वर, आणि लक्षणेने त्रास. म्हणून मराठीने ‘तापमान’ स्वीकारले, पण नुसता ‘ताप’ त्या अर्थाने घेतला नाही. उष्णतेच्या संक्रमणाचे तीन प्रकार मराठीत वहन, अभिसरण व प्रारण असे आहेत, तर हिंदीत चालन, संवहन व विकिरण. मराठीतील ‘वहन’ घन पदार्थातील संक्रमण सांगते, तर हिंदीतील ‘संवहन’ द्रव व वायू यांतील. हिंदी ‘विकिरण’ म्हणजे प्रारण. मराठी पाठ्यपुस्तकात मात्र ‘विकिरण’ हे प्रकाशकिरण विखुरण्याचे नाव आहे. धातू एक, परंतु संकेत भिन्न. 1956 मध्ये विदर्भ मध्य प्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. पुढे 1960 मध्ये महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय आणि 1961 मध्ये केंद्राचा शब्दावली आयोग स्थापन झाल्यावर हे संकेत स्वतंत्रपणे पक्के होत गेले.

येथे एक आक्षेप संभवतो. मराठी बोलीत धग, झळ, ऊब, चटका असे शब्द असताना संस्कृताकडे जाण्याचे प्रयोजन काय? तापलेल्या तव्याचा चटका बसतो, वैशाखात उष्ण वाऱ्याची झळ लागते, शेकोटीची धग दुरूनही जाणवते. संक्रमणाचे तिन्ही प्रकार बोलीने ओळखलेले आहेत. परंतु हे शब्द अनुभव घेणाऱ्याच्या बाजूने बोलतात, तर शास्त्रास पदार्थाच्या बाजूने बोलावे लागते. ‘वहन’पासून वाहक, दुर्वाहक, वाहकता असे कुल निर्माण होते, ‘चटका’पासून ते होत नाही. मात्र वहनाची संकल्पना समजावून देताना चटक्यापासून आरंभ करणारा अध्यापक भाषेच्या आणि शास्त्राच्याही अधिक जवळ असतो.

तात्पर्य, पारिभाषिक शब्दाचे भवितव्य केवळ व्युत्पत्तीवर ठरत नाही. लोकभाषेत त्याच्यासाठी रिकामी जागा आहे काय, आणि त्याचे कुल वाढू शकते काय, या दोन कसोट्यांवर ते ठरते. ‘ऊर्जा’ दोन्ही भाषांत स्थिरावली, ‘ताप’ एकीतच राहिला. हा विचार केवळ कोशापुरता नाही. विजेच्या देयकातील ‘युनिट’ म्हणजे एक किलोवॅट-तास, अर्थात 36 लक्ष जूल ऊर्जा. त्यास शक्ती म्हणणारा विद्यार्थी गणितात चुकतो, आणि त्या चुकीचे मूळ पुष्कळदा शब्दाच्या जुन्या अर्थात असते. द्वैभाषिक नागपुरात हिंदी ग्रंथ वाचून मराठीत उत्तर लिहिणाऱ्यास हा धोका विशेष आहे. पदव्युत्तर अभ्यासकांनी अशा समानरूप, भिन्नार्थ पदांची विषयवार सूची सिद्ध केल्यास शाळेतील अध्यापनास तिचा प्रत्यक्ष उपयोग होईल.